वीस इंची पडदा

आमच्या शेठना मुंबईच्या एका प्रदर्शनात कोणीतरी थंडगार सरबत पाजलं आणि कंप्यूटरचा वीस इंची पडदा गळ्यात मारला. सरबत फुकट होतं, हे शेठनी परत आल्यावर दोनदा सांगितलं. पडद्याला काय पडलं ते एकदाही सांगितलं नाही.

शेठ म्हणजे धर्माजी पाटील, कुंभवलीचे. एमआयडीसीत त्यांची जमीन गेली, तेव्हा आलेल्या पैशात त्यांनी त्याच जमिनीचा एक तुकडा प्लॉट म्हणून परत घेतला आणि त्यावर फॅब्रिकेशनचा कारखाना टाकला. केमिकलवाल्यांना लागणाऱ्या टाक्या, रिअ‍ॅक्टर आणि पाइप आम्ही बनवायचो. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा, भोकं पाडायची. त्यातलं शेठना कळायचं, हे मी मान्य करते. पत्र्यावरून हात फिरवून ते जाडी सांगायचे. अडचण एवढीच, की ब्याण्णव सालापासून त्यांना पत्र्याच्या पलीकडचंही कळायला लागलं.

मी त्यांच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये होते. मी नलू तामोरे, नवापूरची, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली. सेक्शन म्हणजे दोन उतरती टेबलं आणि दोन माणसं, मी आणि माहीमचे वामन चुरी. त्यांना मी वामनदादा म्हणायचे. माझी आई जमना बोईसरच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसायची. तिचे गुडघे गेले होते, आणि माझा पगार सुरू झाल्यावरच तिचं ते बसणं सुटलं. हे झालं घरचं कारण. माझं स्वतःचं कारण वेगळं होतं. मला रेघ मारायला आवडायची. शाईचं पेन ट्रेसिंग पेपरवरून एका दमात ओढलं आणि रेघ शेवटपर्यंत एकसारखी आली की मला दिवसभर बरं वाटायचं. ती नोकरी मला सोडायची नव्हती.

आमच्याकडे कंप्यूटर होता. एका बुडालेल्या कंपनीच्या लिलावातून शेठनी तो, दोन पंखे आणि एक लोखंडी कपाट असं सगळं एकदम उचललं होतं. त्याचा पडदा बारा इंची, अक्षरं पिवळी. टाकीचं ड्रॉइंग त्यावर घेतलं तर टाकीचं तोंड दिसायचं किंवा बूड दिसायचं, दोन्ही एकदम नाही. वामनदादा म्हणायचे, "दाराच्या फटीतून नवरी बघावी तसा हाय हा." म्हणून आम्ही खरं काम कागदावरच करायचो आणि कंप्यूटरवर रोज फडकं मारायचो.

त्याला जोडायला हा वीस इंची आला. चार जणांनी पेटी उतरवली. शेठनी त्याच्यासाठी काचेची खोली केली, एसी बसवला आणि चपला बाहेर काढायची ताकीद दिली. मग वेल्डर, फिटर, सगळ्यांना काचेबाहेर उभं करून भाषण केलं. "ह्याला हाय रेझोल्युशन म्हणतात. जेवढं हाय, तेवढी रेघ बारीक. केसाहून बारीक. प्रदर्शनात मी ह्या डोळ्यांनी बघितली."

त्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. शेठच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सगळ्या कुंभवलीला हे माहीत होतं, फक्त शेठना मान्य नव्हतं. समोरून कोणी आलं की तो माणूस बोलेपर्यंत ते हसत राहायचे, म्हणजे कोणी का असेना, मान राखला जायचा. ऑपरेशन म्हाताऱ्यांनी करायचं असं त्यांचं मत होतं. साठी उलटलेले शेठ स्वतःला म्हाताऱ्यांत धरत नव्हते.

पडदा जोडायचं काम प्रतापकडे आलं. प्रताप शेठचा भाचा. बोईसरला स्टेशनजवळ त्याने तीन महिन्यांचा कंप्यूटरचा कोर्स केला होता आणि तेवढ्या भांडवलावर तो आम्हाला शहाणपण शिकवायचा. कंप्यूटरच्या पाठीला नऊ भोकं होती आणि नव्या पडद्याच्या वायरीला पंधरा काड्या. प्रतापने वायर उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली, मग तो म्हणाला, "मामा, फॉल्टी माल दिलाय."

शेठ कारखानदार होते, ते असे हटणार नव्हते. "चार इंची पाइपाला सहा इंची पाइप जोडायचा तर आपन काय करतो? रिड्यूसर लावतो. तसा बनवा." आमच्या धंद्यात दोन मापं जुळली नाहीत तर मधे निमुळता तुकडा घालतात, त्याला रिड्यूसर म्हणतात. न बसणारी वस्तू बसवणं हेच आमचं पोट. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि फिटरने नऊ भोकांचा एक आणि पंधरा भोकांचा एक असे पितळेचे दोन छोटे फ्लँज, म्हणजे भोकं पाडलेल्या चकत्या, करून दिले. काम इतकं सुबक होतं की देव्हाऱ्यात ठेवावं. कोणती काडी कोणत्या भोकाला जोडायची हे प्रतापने वायरीचे रंग बघून ठरवलं. लाल लालला, हिरवी हिरवीला. उरलेल्या सहा काड्या त्याने वाकवून बाजूला केल्या, कारण भोकंच नऊ होती.

पडदा सुरू झाला तेव्हा त्यावर आडव्या पट्ट्या आल्या आणि आतून बारीक शिट्टी वाजायला लागली. शेठ म्हणाले, "आला, आला." मग तो काळा झाला.

शेवटी पडदा विकणाऱ्या मुंबईच्या माणसाला मी फोन लावला. प्रतापला लाज वाटत होती म्हणून त्याने मला लावायला सांगितलं होतं. तो माणूस बिचारा सभ्य होता. म्हणाला, "बाई, भोकांचा प्रश्नच नाही. तुमचा कंप्यूटर जे पाठवतो ते या पडद्याला कळतच नाही. आतलं कार्ड बदलावं लागेल, आणि नवं कार्ड त्या जुन्या कंप्यूटरात बसणार नाही. कंप्यूटरच नवा घ्या." मी हे जसंच्या तसं शेठना सांगितलं.

"चालता कंप्यूटर फेकू?" शेठ म्हणाले. "कंप्यूटर चालतोय. पडदा चालतोय. मधली वायर चालत नाय. मग सुधरायचा काय?"

प्रतापने तरी मुंबईहून एक कार्ड आणलंच. ते लांब निघालं, आतल्या खाचेच्या बाहेर दोन बोटं शेपूट राहत होती. प्रतापने ती शेपूट हॅकसॉने कापली. आमच्याकडे जास्तीचा माल कापूनच बसवतात, त्यामुळे बघणाऱ्यांपैकी कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. कापल्यावर कडा खरखरीत राहिली म्हणून एकाने ती कानशीने घासूनही दिली. कार्ड खाचेत मस्त बसलं. त्यातून काहीच आलं नाही.

दरम्यान शेठनी ट्रेसिंग पेपर आणणं बंद केलं. आता पडदा आलाय, कागद कशाला. आम्ही जुने उरलेले तुकडे वापरून काम चालवत होतो. एका केमिकल कंपनीसाठी मोठा रिअ‍ॅक्टर करायचा होता, त्याचं ड्रॉइंग मी अशाच एका लहान तुकड्यावर बसवलं. कागद लहान म्हणून रेघा बारीक घेतल्या, माप न् माप वाचता येईल असं अक्षर काढलं. माझ्या हातून तितकं नेटकं काम आधी झालं नव्हतं. ते एकच होतं, त्याची दुसरी प्रत नव्हती. गिऱ्हाइकाची मंजुरी आली की मग त्यावरून निळ्या प्रिंटा काढायच्या, अशी आमची रीत.

त्या कंपनीचे मोठे इंजिनिअर दस्तूरसाहेब. त्यांनी निरोप पाठवला की दसऱ्याला येतो, पूजेचा प्रसाद घेतो आणि तुमचं कंप्यूटरवरचं ड्रॉइंगही बघतो, कारण आता काम कंप्यूटरवाल्यांनाच द्यायचं ठरलंय. शेठनी आम्हा तिघांना काचेच्या खोलीत बोलावलं.

"दसऱ्याला पडद्यावर रिअ‍ॅक्टर दिसला पायजे," ते म्हणाले. "नाय दिसला तर ड्रॉइंग सेक्शन बंद. ड्रॉइंगा मी मुंबईहून करून आनीन."

"शेठ, पडदा प्रतापने—" मी सुरुवात केली.

"प्रताप त्याचं काम करतोय. तुमचा सेक्शन, तुमची जबाबदारी."

म्हणजे कार्ड कापलं प्रतापने आणि मान आमची कापली जाणार. मला इतका संताप आला की त्या दिवशी मारलेली प्रत्येक रेघ जाड आली.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन पुसून ठेवतात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा होते, आणि पूजा झाली की त्या दिवशी कुठल्याही हत्याराला हात लावत नाहीत, लेथ फिरत नाही, वेल्डिंगची ठिणगी पडत नाही. काचेच्या खोलीची सफाई माझ्याकडे होती. पुसताना मी त्या पितळी रिड्यूसरची वायर उपटून काढली, तर काळा पडलेला वीस इंची पडदा राखाडी झाला. उजेडाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तर तो दुधासारखा पांढरा झाला. कंप्यूटरशी नातं तोडल्यावर त्याचा जीव थाऱ्यावर आला असावा. काखेत माझं ते ड्रॉइंग होतं. ते बाजूला ठेवायला गेले तर कागद चटकन काचेला जाऊन चिकटला. चालू पडदा कागद ओढून घेतो, हे मला माहीत नव्हतं.

मी दोन पावलं मागे सरले. पांढऱ्या उजेडावर काळ्या रेघा, रिअ‍ॅक्टर तोंडापासून बुडापर्यंत अख्खा. मी वामनदादांना हाक मारली.

ते खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही फसवनूक हाय, नलू."

"काय फसवणूक? ड्रॉइंग खरं आहे, मापं खरी आहेत, पडदाही खरा आहे. फक्त वायर नाही. आणि ऑर्डर आली की पैसे येतील, मग शेठ नवा कंप्यूटर घेतील."

"आनि साहेबांनी हात लावला तर?"

"दसऱ्याला कोण हात लावू देईल?"

वामनदादा हसले. त्यांनीच ब्लेडने कागदाच्या कडा पडद्याच्या मापाला कापल्या आणि कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. दोन मुलींची लग्नं त्यांना उरकायची होती, त्यांनाही नोकरी हवीच होती.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा जाड हार पडद्याच्या चारी बाजूंनी असा सोडला की कागदाची कड कुठे दिसेना. पुढे रांगोळी घातली, नारळ मांडला. शेठ आले, वाकले, पडद्याच्या डोक्यावर हळदकुंकू वाहिलं. डोळे बारीक करून बघितलं. मोतीबिंदूतून त्यांना उजेड तेवढा दिसला असणार.

"आला?" त्यांनी विचारलं.

"आला शेठ," मी म्हटलं.

"प्रताप, आला रे."

प्रताप पुढे झाला. त्याने एक बोट हाराच्या आत घातलं, त्याचं नख कागदाच्या कडेला लागलं, ते मी बघितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बोट बाहेर काढलं आणि म्हणाला, "हो मामा. काल रात्री फ्रिक्वेन्सी मॅच केली." शेठनी तिथल्या तिथे त्याच्या गळ्यात एक हार घातला.

दस्तूरसाहेब चपला काढून आत आले, रांगोळीच्या अलीकडे थांबले आणि बघतच राहिले. "क्या बात है. आमच्या मुंबईच्या मशीनवर तिरकी लाइन पायरी पायरी दिसते. ही बघा, एकदम सरळ. धर्माजीशेठ, हे किती रेझोल्युशन?"

"हाय," शेठ म्हणाले.

"जरा ते वरचं नोझल मोठं करून दाखवता?"

मी वामनदादांकडे बघितलं. पण शेठ गंभीर झाले. "साहेब, आज नाय. पूजा झाली. आज हत्याराला हात नाय लावायचा."

साहेबांनी लगेच हात जोडले. पारशी माणूस, दुसऱ्याच्या देवाला मान देणारा. आपट्याची पानं आणि पेढे घेऊन ते निघाले, आणि गाडीत बसता बसता ऑर्डर तुमचीच असं सांगून गेले. वामनदादांनी मला सोनं दिलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, खोटं कशाला बोलू. घरी आईने कालवण केलं होतं, ते मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी कागद काढायचा असं आमचं ठरलं होतं. पण शेठनी हुकूम काढला की पडदा बंद करायचा नाही आणि खोलीत प्रतापशिवाय कोणी जायचं नाही. प्रताप आत एसीत बसून पेपर वाचायचा. हार सुकला तरी तो कोणी काढला नाही. लेखी ऑर्डर हातात आली तेव्हा शेठनी आम्हाला पुन्हा काचेच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता नव्या कंप्यूटरचं बोलतील.

"आता मशीन चालायला लागली," शेठ म्हणाले. "साहेब खूश. आता ती टेबलं कशाला? प्रताप मशीन बघेल. वामन, तू स्टोअरला जा, एक मानूस पायजे तिथं. नलू, तुला या महिन्यापर्यंत. तुझ्या आईचा धंदा हाय, तुला काय कमी."

आईचा तो धंदा माझा पगार सुरू झाला तेव्हाच सुटला होता. ज्या कागदाने नोकरी वाचवायची, त्यानेच ती घालवली होती, आणि तो कागद मी स्वतःच्या हाताने चिकटवला होता.

"शेठ," मी म्हटलं, "या पडद्यावर काही नाही. तो कागद आहे. ते ड्रॉइंग मी हाताने काढलंय. विचारा वामनदादांना."

वामनदादा एसीच्या जाळीकडे बघत होते. स्टोअर मिळालं होतं त्यांना. त्यांचा राग यायला हवा होता, पण त्यांच्या त्या दोन मुली मला माहीत होत्या.

"प्रताप, सांग ना."

प्रताप म्हणाला, "मामा, नोकरी जाते तेव्हा माणूस काहीही बोलतं."

शेठ मान हलवत हसले. तेव्हा मी पुढे झाले, सुकलेला हार उचलून बाजूला टाकला, कोपऱ्यांच्या चिकटपट्ट्या ओढल्या आणि कागद सोलून काढला. तो करकरत सुटला. मागे पडदा राहिला, पांढरा, कोरा, त्यावर एक ठिपकाही नाही.

"बघा आता," मी म्हटलं.

शेठ उठले. नाक काचेला टेकेल इतके जवळ गेले. वरून खाली बघितलं, डावीकडून उजवीकडे बघितलं. प्रताप श्वास धरून उभा होता. मला वाटलं, आता तरी.

शेठ सरळ झाले. त्यांचा चेहरा समाधानाने भरला होता.

"केवढी बारीक रेघ," ते म्हणाले. "डोळ्यालाही दिसत नाय. ह्यालाच हाय रेझोल्युशन म्हणतात, नलू. तू अजून कागदावर अडकलीस."

"हो मामा," प्रताप म्हणाला.

मी वामनदादांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघून हळूच मान डोलावत होते. मग मात्र माझा राग ओसरला आणि डोकं थंड झालं.

"मग शेठ, हा कागद मी नेऊ घरी?"

"ने की. सगळा मशीनमधे हाय. कागदाचा आता काय काम?"

प्रतापचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्या रिअ‍ॅक्टरचं दुसरं ड्रॉइंग जगात नव्हतं, हे त्या खोलीत तिघांना माहीत होतं, आणि ते शेठना सांगायचं तर त्याला आधी स्वतःचा हार उतरवावा लागला असता. मी थोडी थांबले, त्याला संधी दिली. त्याने तोंड मिटून घेतलं.

मी कागदाची सुरळी केली, पेनं पिशवीत टाकली आणि त्याच दिवशी निघाले. महिना पुरा करायची मला हौस नव्हती.

गेटवर बुधा वॉचमन होता, डोंगराकडच्या पाड्यातला. बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी तो उघडून बघायचा, नियमच होता. सुरळी बघून म्हणाला, "ह्या काय हाय, ताई?"

"शेठना विचार. त्यांनी ने म्हणून सांगितलंय."

त्याने काचेच्या खोलीकडे बघितलं. आतून शेठनी हसत हात हलवला, समोर कोण आहे ते न कळल्यासारखा. बुधाने तरीही सुरळी उलगडली आणि दोन हातांनी उन्हासमोर धरली. रिअ‍ॅक्टर तोंडापासून बुडापर्यंत उजेडात उभा राहिला. बुधा एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत निवांत बघत गेला.

"कोनी काडलाय?"

"मी."

"मंग घरी का नेतेस?"

"इथे कोणाला दिसत नाही, बुधा," मी म्हटलं आणि एसटी पकडायला निघाले.